एक प्रिंटर, अनेक संगणक
(घरी व शाळेत सामाईक छपाईची व्यवस्था)

प्राथमिक शाळेच्या कामकाजात छापील कागदाचे स्थान किती मोठे आहे, हे शिक्षकवर्गास निराळे सांगावयास नको. चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका, वाचनकार्डे, गुणपत्रके, दाखल्यांच्या नकला, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेच्या सूचना, अशी ही यादी वर्षभर वाढतच असते. पूर्वी ह्यांतील बरेचसे काम हाताने अथवा सायक्लोस्टाइल यंत्रावर होत असे. आज ते संगणकावर होते. परंतु संगणक दोन किंवा तीन झाले, तरी प्रिंटर बहुधा एकच असतो, आणि तोही एकाच संगणकास तारेने जोडलेला असतो. बाकीच्यांनी आपले काम पेनड्राइव्हवर उतरवून त्या संगणकापर्यंत न्यावयाचे, असा प्रघात त्यामुळे पडतो.

ह्या प्रघाताचे तीन तोटे आहेत. पहिला असा की, पेनड्राइव्हबरोबर एका संगणकातील व्हायरस दुसऱ्यात जातो. दुसरा तोटा मराठीच्या लेखनास विशेष बाधतो. ज्या फॉन्टमध्ये मजकूर तयार केला तो फॉन्ट प्रिंटरच्या संगणकात नसेल, तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. श्रीलिपी अथवा कृतिदेव ह्यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम करणाऱ्यांस हा अनुभव चांगलाच परिचित आहे. तिसरा तोटा सर्वांत गंभीर होय. छपाईसाठी नेलेली प्रश्नपत्रिका किंवा विद्यार्थ्यांची माहिती त्या संगणकात उतरविली जाते, काम झाल्यावर पुसावयाची राहून जाते, आणि पुढे कोणाच्या दृष्टीस पडेल ह्याचा नेम राहत नाही.

ह्यावर उपाय म्हणजे प्रिंटर सामाईक करणे. त्याची रीत प्रस्तुत लेखात क्रमवार दिली आहे. मात्र आरंभीच एक तत्त्व मनाशी पक्के करावे : प्रिंटर सर्वांचा व्हावा, कागदपत्रे सर्वांची होऊ नयेत.

व्यवस्थेचे मूळ तत्त्व

गावच्या पिठाच्या गिरणीचे उदाहरण घ्यावे. गिरणी एक असते, दळण मात्र घरोघरचे. प्रत्येकजण आपला डबा आणतो, रांगेत ठेवतो आणि आपले पीठ घेऊन जातो. गिरणी सामाईक आहे म्हणून कोणी कोणाच्या घरच्या कणगीत हात घालीत नाही. सामाईक प्रिंटरची व्यवस्था नेमकी अशीच आहे.

ज्या संगणकास प्रिंटर तारेने जोडलेला असतो त्यास आपण 'यजमान संगणक' म्हणू. इतर संगणक आपले छपाईचे काम राउटरमार्फत त्याच्याकडे पाठवितात. यजमान संगणक ती कामे रांगेत लावतो आणि एकामागून एक प्रिंटरला देतो. मूळ कागदपत्र ज्याचे त्याच्याच संगणकात राहते. विंडोजमध्ये छपाईच्या पानाची जुळणी सामान्यतः पाठविणाऱ्याच्याच संगणकात होत असल्यामुळे, यजमानाकडे तो फॉन्ट नसला तरी अक्षरे बिघडत नाहीत. पेनड्राइव्हच्या प्रघाताचे तिन्ही तोटे ह्यायोगे एकदमच टळतात.

उदाहरणादाखल भोर तालुक्यातील उत्रोलीसारख्या गावी राहणारे एक शिक्षक कुटुंब कल्पावे. पती व पत्नी दोघेही प्राथमिक शिक्षक, आणि कन्या महाविद्यालयात शिकणारी. बैठकीच्या खोलीत एक संगणक व त्यास जोडलेला प्रिंटर. शिवाय दोघांचे दोन लॅपटॉप. परीक्षेच्या दिवसांत दोन शाळांचे काम ह्या एका प्रिंटरवर व्हावयाचे. पुढील कृती ह्या घराच्या निमित्ताने सांगितली आहे; पण दोन वा तीन खोल्यांच्या शाळेसही ती जशीच्या तशी लागू पडते.

पूर्वतयारी

(१) सर्व संगणक एकाच राउटरला, तारेने किंवा वाय-फायने, जोडलेले असावेत. राउटरवर पाहुण्यांसाठी निराळे वाय-फाय असेल तर त्यावरून ही व्यवस्था बहुधा चालत नाही. कारण त्यावरील यंत्रे एकमेकांपासून हेतुपुरस्सर अलग ठेवलेली असतात. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी की, ह्या कामासाठी इंटरनेट चालू असण्याची गरज नाही. काम घरातल्या घरात, संगणकाकडून राउटरकडे व राउटरकडून यजमानाकडे, असे जाते. भोर व वेल्हे भागांतील डोंगराळ गावी पावसाळ्यात इंटरनेट बंद पडले, तरी वीज असेपर्यंत छपाई अडत नाही.

(२) प्रथम प्रिंटर यजमान संगणकावरून नीट चालतो की नाही, हे एक चाचणीपान छापून पाहावे. जो प्रिंटर आपल्या घरीच चालत नाही, तो दुसऱ्याच्या कामास येणार नाही.

(३) यजमान म्हणून शक्य तो नवा व अद्ययावत संगणक निवडावा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबविली आहे. घरात विंडोज ११ चा एखादा संगणक असल्यास यजमानपद त्यास देणे इष्ट होय.

(४) यजमान संगणकास छोटे व सुटसुटीत नाव द्यावे. ते रोमन लिपीत, पंधरा अक्षरांच्या आत आणि मध्ये जागा न सोडता लिहावे. आपल्या उदाहरणात ते 'उत्रोली१' असे समजू. नाव बदलल्यावर संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. हे नाव भिंतीवरील एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. पुढे त्याची वारंवार गरज पडते.

यजमान संगणकावरील कृती

विंडोज ११ मधील क्रम येणेप्रमाणे आहे.

पहिली पायरी : 'सेटिंग्ज' उघडून 'नेटवर्क अँड इंटरनेट' येथे जावे. आपण ज्या वाय-फायला किंवा तारेला जोडलेले आहोत त्याच्या गुणधर्मांत 'पब्लिक' व 'प्रायव्हेट' असे दोन पर्याय दिसतात. त्यांतील 'प्रायव्हेट' निवडावा. 'पब्लिक' हा पर्याय एसटी स्थानक, उपाहारगृह इत्यादी परक्या ठिकाणांसाठी आहे. तेथे संगणक आपले दार लावून घेतो. घरच्या जाळ्यावर दार उघडे हवे, परक्या ठिकाणी ते लावलेलेच असावे.

दुसरी पायरी : त्याच विभागातील 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' व त्यातील 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' उघडावे. 'प्रायव्हेट नेटवर्क्स' ह्या भागात 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ही दोन्ही चालू करावीत. खाली 'ऑल नेटवर्क्स' ह्या भागात 'पब्लिक फोल्डर शेअरिंग' बंद ठेवावे आणि 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालू ठेवावे. ह्या शेवटच्या बटणाचे महत्त्व पुढे विशद केले आहे.

तिसरी पायरी : 'सेटिंग्ज'मधील 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' व त्यातील 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' येथे आपल्या प्रिंटरवर जाऊन 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडावे. तेथील 'शेअरिंग' ह्या पानावर 'शेअर धिस प्रिंटर' समोर खूण करून प्रिंटरला एक साधे नाव द्यावे. हेही नाव रोमन लिपीत व अखंड असावे.

चौथी पायरी : 'सेटिंग्ज'मधील 'अकाउंट्स' ह्या विभागात, छपाईपुरते म्हणून एक निराळे साधे खाते उघडावे. हे खाते मायक्रोसॉफ्टच्या ईमेलवाचून, केवळ त्या संगणकापुरते करता येते. त्यास 'ॲडमिनिस्ट्रेटर'चे अधिकार देऊ नयेत. खात्याला पासवर्ड अवश्य असावा. पासवर्ड नसलेल्या खात्यास विंडोज दुसऱ्या संगणकावरून मुळात प्रवेशच देत नाही. शिक्षकाने स्वतःच्या नेहमीच्या खात्याचा पासवर्ड इतरांस सांगण्याचा प्रसंगच ह्यामुळे येत नाही.

पाचवी पायरी : यजमान संगणक आपोआप झोपी जाणार नाही असे पाहावे. वीज जोडलेली असताना 'स्लीप' होण्याची वेळ 'नेव्हर' अशी ठेवावी. यजमान बंद असेल किंवा झोपलेला असेल, तर बाकीच्यांची कामे दाराशीच तिष्ठत राहतात. अनेक ठिकाणी 'प्रिंटर बिघडला' अशी जी तक्रार होते, तिचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

दुसऱ्या संगणकावरील कृती

आता लॅपटॉपकडे वळू. लॅपटॉपवरील जाळेही प्रथम 'प्रायव्हेट' करून घ्यावे. नंतर 'फाइल एक्सप्लोरर' उघडून वरच्या पत्त्याच्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा द्याव्यात आणि त्यांस लागून यजमान संगणकाचे नाव लिहून एंटर दाबावे. नाव व पासवर्ड विचारला जाईल. नावाच्या जागी प्रथम यजमानाचे नाव, मग एक उलटी तिरकी रेघ आणि नंतर छपाईसाठी उघडलेल्या खात्याचे नाव लिहावे. 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स' समोर खूण केल्यास प्रत्येक वेळी पासवर्ड लिहावा लागत नाही.

प्रवेश मिळताच यजमानाच्या खिडकीत प्रिंटरचे चित्र दिसू लागते. त्यावर दोनदा टिचकी मारली किंवा उजव्या टिचकीने 'कनेक्ट' निवडले, की प्रिंटर लॅपटॉपला जोडला जातो. ह्या वेळी ड्रायव्हर म्हणून एक छोटा कार्यक्रम बसविला जातो. त्यासाठी लॅपटॉपच्या 'ॲडमिनिस्ट्रेटर'ची संमती विचारली जाते. नंतर एक चाचणीपान छापून पाहावे.

येथेच आणखी एक परीक्षा करावी, आणि ती कोणी टाळू नये. यजमानाच्या ह्या खिडकीत प्रिंटरखेरीज दुसरे काय दिसते, हे बारकाईने पाहावे. तेथे एखादे फोल्डर दिसले, तर ते कोणीतरी कधीतरी सामाईक करून ठेवले आहे असा त्याचा अर्थ होतो. ते उघडून आत काय आहे ते तपासावे, आणि यजमान संगणकावर जाऊन त्याचे सामाईकपण काढून टाकावे. खिडकीत केवळ प्रिंटर दिसला, म्हणजे आपले काम खरोखर पुरे झाले असे समजावे.

पासवर्ड का ठेवावयाचा?

जोडणी जमली नाही की कोणीतरी सल्ला देतो, 'पासवर्डचे बटण बंद करा, लगेच चालेल.' हा सल्ला स्वीकारू नये. त्याचे कारण समजून घेणे हितावह आहे.

विंडोज ७ पासून 'होमग्रुप' नावाची एक सोपी सोय होती. घरातील सर्व संगणकांनी एकच पासवर्ड वापरून फायली व प्रिंटर वाटून घ्यावेत, अशी तिची योजना होती. विंडोज १० मधून ती २०१८ साली काढून टाकण्यात आली. म्हणून जुन्या पुस्तकांत वा चित्रफितींत 'होमग्रुप'ची कृती दिलेली आढळल्यास तिच्या नादी लागू नये.

पुढे २०२१ च्या जुलै महिन्यात विंडोजमधील छपाईची रांग सांभाळणाऱ्या 'प्रिंट स्पूलर' ह्या भागात मोठा दोष असल्याचे उघडकीस आले. 'प्रिंटनाइटमेअर' ह्या नावाने तो ओळखला जातो. त्या दोषाच्या वाटेने परक्या मनुष्यास संपूर्ण संगणकाचा ताबा घेणे शक्य होते. मायक्रोसॉफ्टने त्यावर दुरुस्त्या दिल्या. ऑगस्ट २०२१ च्या दुरुस्तीपासून ड्रायव्हर बसविण्यास 'ॲडमिनिस्ट्रेटर'ची संमती आवश्यक झाली. वर जी संमती विचारली जाते असे सांगितले, तिचा उगम हा आहे. सप्टेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर, एक संगणक अद्ययावत व दुसरा जुना अशा ठिकाणी, '११बी' ह्या अक्षरांनी संपणारी एक चूक दिसू लागली. तिच्यावर 'रजिस्ट्री'त बदल करून संरक्षणच काढून टाकण्याचा तोडगा सर्रास सांगितला जातो. खरा उपाय म्हणजे दोन्ही संगणक अद्ययावत करणे हा होय. त्यानंतर २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या 'प्रो' आवृत्तीत निनावी प्रवेश मूळचाच बंद करण्यात आला. म्हणजे पासवर्डवाचून चालविण्याची जुनी रीत आता धोक्याची तर आहेच, पण कित्येक संगणकांवर ती चालतही नाही.

शिक्षकाच्या संगणकात केवळ त्याची स्वतःची माहिती नसते. 'यू-डायस' व 'सरल' ह्यांसाठी भरलेली विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, पालकांचे भ्रमणध्वनी, कित्येकदा आधार क्रमांक, असा ऐवज त्यात असतो. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या अधिनियमात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली, तरी पालकांनी ही माहिती शाळेवर विश्वासून दिलेली असते. पासवर्डचे एक बटण चालू ठेवण्यास क्षणभराचा वेळ लागतो. गेलेला विश्वास परत मिळविण्यास वर्षे लागतात.

छपाई अडल्यास

छपाई होत नाही असे दिसताच सर्वच सेटिंग्ज बदलत सुटू नये. पुढील प्रश्न ह्याच क्रमाने विचारावेत.

(१) यजमान संगणक चालू व जागा आहे काय? प्रिंटर चालू असून त्यात कागद आहे काय?

(२) दोन्ही संगणक एकाच राउटरवर आहेत काय? लॅपटॉप नकळत मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडलेला असल्याचे पुष्कळदा आढळते.

(३) दोन्हीकडे जाळे 'प्रायव्हेट' आहे काय? राउटर बदलल्यावर ते पुन्हा 'पब्लिक' झालेले असू शकते.

(४) छपाईच्या खात्याचा पासवर्ड कोणी बदलला आहे काय?

(५) रांगेत एखादे काम अडकले आहे काय? असल्यास यजमान संगणकावरील रांग उघडून ते रद्द करावे. तेवढ्याने भागले नाही, तर यजमान संगणक व प्रिंटर दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करावेत.

ह्याखेरीज आपल्याकडील हवामानाचाही विचार ठेवावा. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावी पावसाळ्यात कागद दमट होतो आणि दमट कागद प्रिंटरमध्ये अडकतो. रीम फोडल्यावर उरलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावा. लेसर प्रिंटर लहान यूपीएसला जोडू नये. शाई कागदावर वितळवून बसविण्यासाठी तो एकदम पुष्कळ वीज ओढतो आणि तो भार लहान यूपीएसला पेलत नाही.

वाय-फाय असलेला प्रिंटर

काही नव्या प्रिंटरांत वाय-फायची सोय अंगभूत असते. असा प्रिंटर सरळ राउटरला जोडता येतो. मग यजमान संगणकाची गरज राहत नाही. घरातील एखादा संगणक बंद असला तरी दुसऱ्यावरून छपाई होते, आणि बहुतेक मोबाईलवरूनही कागद पाठविता येतो. नवा प्रिंटर घ्यावयाचा असल्यास ही सोय पाहून घेणे फायद्याचे ठरते. अशा प्रिंटरला राउटरमधून एक कायमचा पत्ता नेमून द्यावा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर संगणकांना तो शोधत बसावे लागत नाही. त्याच्या व्यवस्थेच्या पानास कारखान्यातून आलेला पासवर्ड असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा. वाय-फायचा पासवर्ड शेजारीपाजारी वाटलेला असेल, तर आपला प्रिंटरही त्यांच्यासाठी खुला झाला आहे, हे विसरू नये.

छपाईची शिस्त

यंत्राची जुळणी झाली तरी माणसांची शिस्त उरतेच. यजमानाच्या रांगेत कामाबरोबर कागदपत्राचे नाव व पाठविणाऱ्याचे नाव इतरांस दिसू शकते. म्हणून प्रश्नपत्रिकेच्या फाइलला इयत्ता व विषय उघड करणारे नाव देऊ नये. 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधील 'ॲडव्हान्स्ड' ह्या पानावर छापलेली कामे जपून ठेवण्याचा एक पर्याय असतो. त्यासमोर खूण नसावी. गोपनीय कागद पाठविण्यापूर्वी आपण स्वतः अथवा आपला विश्वासू सहकारी प्रिंटरपाशी उभा असावा. दुसऱ्या खोलीतून पाठविलेली प्रश्नपत्रिका ट्रेमध्ये तासभर पडून राहिली, तर पासवर्डाने केलेले सर्व रक्षण वाया जाते. बिघडलेल्या प्रतीही फाडून टाकाव्यात. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूचा उपयोग मुलांच्या चित्रांसाठी करू नये.

शाळेत ही व्यवस्था करताना प्रिंटरजवळ एक साधी वही ठेवावी. तारीख, नाव व पानांची संख्या एवढेच रकाने तीत पुरेत. महिन्याच्या शेवटी शाई व कागद किती लागला हे त्यावरून कळते, आणि खर्चाबद्दल सहकाऱ्यांत वाद राहत नाही.

प्रिंटर हाताशी आला म्हणजे, पंचवीस मुलांच्या वर्गात दहा प्रती काढून त्या तिघातिघांत वाटण्याची वेळ येत नाही; संथ वाचणाऱ्या मुलासाठी मोठ्या अक्षरांचे निराळे पान काढता येते, आणि चुकलेले गणित दुसऱ्या दिवशी नव्या आकड्यांत पुन्हा देता येते. वर सांगितलेली सर्व कृती एका दुपारच्या सवडीत होण्यासारखी आहे. ती पुरी झाल्यावर वर्गावर जाण्यापूर्वी यजमानाची खिडकी पुन्हा एकदा उघडावी, आणि तीत प्रिंटरखेरीज काही दिसत नाही ना, एवढे पाहून घ्यावे.